जुन्या मोटारीच्या एसीसाठी ओ-रिंगा कशा निवडाव्यात

दर चैत्रात एसीमध्ये गॅस भरून घेणे हा जुन्या मोटारींच्या अनेक मालकांचा नेमच होऊन बसलेला असतो. वास्तविक हा गॅस पेट्रोलसारखा जळून खर्च होत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहायला हवा, आणि तो दरवर्षी कमी पडत असेल तर कुठल्या तरी जोडातून तो बाहेर पडत आहे एवढाच त्याचा अर्थ होतो. तीस-पस्तीस वर्षांच्या गाडीत ही गळती शोधायला गेले की पहिला संशय नळ्यांच्या जोडांमधील रबरी ओ-रिंगांवर घ्यावा लागतो. ही रिंग काही रुपयांना मिळते. पण चुकीची रिंग बसली तर गॅस, तेल, ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषून घेणारी डबी) आणि मजुरी हा सगळा खर्च पुन्हा करावा लागतो.

हा लेख अशा वाचकांसाठी आहे ज्यांनी हे काम पूर्वी केलेले नाही, परंतु स्वतः करण्याची किंवा निदान मेकॅनिकच्या शेजारी उभे राहून नीट करवून घेण्याची ज्यांची इच्छा आहे. डोळ्यांसमोर आहेत त्या पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, कॉन्टेसा, जुनी मर्सिडीज अशा गाड्या. कुर्ल्याला तयार झालेल्या पद्मिनीसारख्या गाड्यांना एसी बहुधा मागाहून, बाहेरच्या दुकानातून बसवलेला असे. त्यामुळे कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) एका घराण्याचा, कंडेन्सर (तापलेला गॅस निववणारी जाळी) दुसऱ्याचा आणि नळ्या त्या दुकानदाराने हाताशी होत्या त्या, असा संसार बॉनेटखाली नांदताना दिसतो. माझी १९८९ सालची पद्मिनी याच जातीची आहे. अशा गाडीसाठी 'या मॉडेलचा रिंगांचा सेट' अशी वस्तू नसतेच, आणि म्हणून प्रत्येक जोडाची रिंग स्वतंत्रपणे ठरवावी लागते.

पहिली पायरी : आत कोणता गॅस आहे?

१९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या मोटारींच्या एसीत आर-१२ हा गॅस भरलेला असे. ओझोनच्या थराला त्याने होणारी हानी लक्षात आल्यावर १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, विकसित देशांनी १९९५ अखेर या गॅसचे उत्पादन थांबवले आणि भारतात ते १ ऑगस्ट २००८ पासून बंद झाले. आज नवा आर-१२ मिळत नाही. त्यामुळे जुन्या गाडीचा एसी चालू स्थितीत असेल तर बहुतेक वेळा तो मधल्या काळात कधी तरी आर-१३४ए या गॅसवर नेलेला असतो. 'बहुतेक वेळा' हे शब्द मात्र पुरेसे नाहीत. खात्री करून घ्यावी.

गॅस भरण्याची तोंडे पाहावीत. आर-१२ च्या तोंडाला बाहेरून आटे असतात आणि गेजची नळी त्यावर फिरवून बसवावी लागते. आर-१३४एचे तोंड गुळगुळीत गळ्याचे असते, त्यावर कपलर खटकन बसतो, आणि कमी दाबाचे तोंड १३ मि.मी. तर जास्त दाबाचे १६ मि.मी. व्यासाचे असल्याने दोहोंची अदलाबदल होऊ शकत नाही. जुन्या आट्यांवर नवे तोंड चढवलेले दिसले तर गॅस बदललेला आहे असे समजायला हरकत नाही, पण आतले तेल बदलले होते का, हे त्या तोंडावरून कळत नाही. काही ठिकाणी स्वस्तात काम भागवण्यासाठी ज्वालाग्राही गॅसचे मिश्रण भरलेले असते, हेही लक्षात असू द्यावे. बऱ्यापैकी वर्कशॉपमध्ये गॅस ओळखणारे यंत्र असते. शंका असल्यास तेथे तपासून घेणे शहाणपणाचे.

कोणताही जोड उघडण्यापूर्वी आतला गॅस यंत्राने काढून घ्यावा, तो हवेत सोडू नये. आर-१२ साधारण उणे ३० अंश आणि आर-१३४ए उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो, त्यामुळे द्रवरूपात तो बोटांवर किंवा डोळ्यांत उडाला तर हिमदाह होतो. चष्मा आणि हातमोजे घालायला विसरू नये.

दुसरी पायरी : तेल कोणते?

कॉम्प्रेसरचे वंगण गॅसबरोबर सर्व नळ्यांतून फिरत असते, म्हणजेच रिंगेला गॅसइतकाच तेलाशीही संसार करावा लागतो. आर-१२ बरोबर खनिज तेल चालते. आर-१३४एमध्ये खनिज तेल मिसळत नाही, म्हणून त्याच्याबरोबर पॅग किंवा एस्टर जातीचे तेल घालतात. गॅस बदललेल्या जुन्या गाडीत कितीही धुतले तरी खनिज तेलाचा थोडा अंश कोपऱ्याकोपऱ्यात राहतोच, आणि रबराची निवड करताना नेमकी हीच गोष्ट निर्णायक ठरते.

तिसरी पायरी : रबराची जात

दुकानात ओ-रिंग मागितली की दुकानदार माप विचारतो, रबर विचारत नाही. ते आपणच सांगायचे असते.

मूळच्या आर-१२ च्या गाड्यांत प्रामुख्याने एनबीआर, म्हणजे नायट्राइल रबराच्या काळ्या रिंगा असत. आर-१२ आणि खनिज तेल यांच्याशी या रबराचे उत्तम जमते, पण साधारण १०० अंशांच्या पुढे ते हळूहळू कडक होत जाते. कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारी नळी हात लावू देणार नाही इतकी तापते, त्यात इंजिनची धग मिळते. त्यामुळे जुन्या गाडीत सर्वात आधी वठलेली रिंग त्याच तोंडाशी सापडते. नखाने दाबले तर ती दबत नाही आणि वाकवली तर कडकन मोडते.

एचएनबीआर हे त्याच नायट्राइलवर हायड्रोजनची प्रक्रिया करून बनवलेले रबर सुमारे १५० अंशांपर्यंत टिकते, दोन्ही गॅसना चालते आणि खनिज, पॅग, एस्टर या तिन्ही तेलांत फारसे बिघडत नाही. गाडीचा पूर्वेतिहास पूर्ण ठाऊक नसेल तर सगळीकडे एचएनबीआर वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. साध्या नायट्राइलपेक्षा ते महाग पडते खरे, पण संपूर्ण गाडीला दहा-बाराच रिंगा लागतात. तेथे काटकसर करण्यात अर्थ नाही. निओप्रीनही दोन्ही गॅसना चालते आणि काही उत्पादक ते वापरतात.

आता जी रबरे टाळायची ती. ईपीडीएम हे रबर आर-१३४ए बरोबर चांगले वागते असे कोष्टकांत छापलेले असते आणि ते खरेही आहे, पण खनिज तेलाचा स्पर्श झाला की ते फुगून लिबलिबीत होते. आपल्या गाडीत त्या तेलाचा अंश उरलेला असणार, म्हणून ते वर्ज्य. सिलिकॉनमधून गॅस झिरपतो आणि ते लवकर फाटते. राहिले व्हायटॉन, म्हणजे एफकेएम. हे रबर पेट्रोल, इंजिन ऑइल आणि उष्णता यांना इतके पुरून उरते की मोटारीच्या कामात त्याचा मोठा दबदबा आहे, आणि त्याच दबदब्याने माझी फसगत झाली.

पद्मिनीला आर-१३४एवर नेले तेव्हा 'जे महाग ते चांगले' या हिशेबाने मी सगळ्या जोडांना तपकिरी रंगाच्या व्हायटॉनच्या रिंगा बसवल्या. एप्रिलभर गारवा उत्तम होता. मेच्या तिसऱ्या आठवड्यात पुणे-सातारा रस्त्यावर नुसती हवा येऊ लागली. (खंबाटकी घाट चढताना एसी बंद ठेवायचा हा पद्मिनीवाल्यांचा जुना रिवाज, १०८९ सीसीचे इंजिन दोन्ही ओझी एकदम ओढत नाही. त्यामुळे घाट संपल्यावर एसी पुन्हा लावला तेव्हाच हे लक्षात आले.) घरी येऊन ड्रायरचा जोड उघडला तर रिंग आपल्या जागेत मावत नव्हती. ती बसवताना नळीवर घट्ट होती. आता सैल पडून तिचा गोल लांबट झाला होता आणि अंगावर खसखशीएवढे फोड आले होते. व्हायटॉन आर-१३४ए शोषून घेते, फुगते, आणि दाब एकदम उतरला की आत शिरलेला गॅस बाहेर पडताना फोड उठवतो. दोष रिंगेचा नव्हता आणि दुकानाचाही नव्हता. मी मागितले तेच मला मिळाले होते.

रंगाविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. हिरवी रिंग म्हणजे आर-१३४एची आणि काळी म्हणजे आर-१२ ची, असे गॅरेजमध्ये बिनदिक्कत सांगितले जाते. बाजारातील बऱ्याच एचएनबीआर रिंगा हिरव्या असतात हे खरे, परंतु निओप्रीनही हिरव्या रंगात येते, काळ्या रंगाचे एचएनबीआरही सर्रास मिळते, आणि रंगाबाबत सर्वांनी पाळावे असे कोणतेही बंधन नाही. पुडीवर रबराचे नाव छापलेले असेल तरच ते खरे मानावे.

चौथी पायरी : जोड कोणत्या प्रकारचा आहे?

सगळ्याच जोडांना रिंग लागत नाही. नळीचे तोंड कर्ण्यासारखे पसरवलेले असेल आणि ते समोरच्या शंकूवर टेकत असेल, तर तो फ्लेअर जोड होय. तेथे धातूवर धातू दाबून किंवा मध्ये तांब्याचा पातळ वॉशर ठेवून गळती रोखली जाते. अशा जोडात रबरी रिंग कोंबल्यास तो सुधारत नाही, उलट कर्ण्याचे तोंड नीट टेकत नाही.

ओ-रिंगच्या जोडात नळीला टोकापासून थोडे मागे एक फुगवटा असतो, त्याच्या पुढे सरळ नळीचा छोटा तुकडा असतो आणि त्या तुकड्यावर, फुगवट्याला टेकून, रिंग बसते. काही गाड्यांत, विशेषतः जनरल मोटर्सच्या, याच जागी खाच कोरलेली असते आणि तिथली रिंग अधिक जाड असते. खाचेच्या जोडात साधी बारीक रिंग घातली तर ती दिसायला ठीक बसते आणि पहिल्या दिवसापासून गळते.

कॉम्प्रेसरच्या पाठीवर बोल्टने आवळलेला चपटा ठोकळा असेल तर त्याच्या तोंडाशी गोल खाचेत रिंग असते किंवा रबर चिकटवलेला धातूचा वॉशर असतो. या दोहोंची अदलाबदल करता येत नाही. यॉर्कसारख्या जुन्या चौकोनी पिस्टन कॉम्प्रेसरवर मोठ्या नटाचे तोंड असते आणि त्याला टेफ्लॉनची कडी लागते. गॅस भरण्याच्या तोंडातील व्हॉल्व्हची पिन, तिचे झाकण आणि प्रेशर स्विच यांच्या लहान रिंगा बहुतेकांच्या ध्यानातच येत नाहीत. त्यांची नोंद याच वेळी करावी.

पाचवी पायरी : माप

येथे घाई करू नये, कारण जुनी रिंग घेऊन दुकानात जाणे आणि 'अशीच द्या' म्हणणे ही नवख्यांची सर्वात मोठी चूक असते. वर्षानुवर्षे दाबून राहिलेली रिंग गोल राहत नाही. तिची धार चपटी होते, आतला व्यास बदलतो आणि तेलाने ती थोडी फुगलेलीही असते. तिच्यावरून घेतलेले माप हे आजच्या, बिघडलेल्या रिंगेचे माप असते. म्हणून माप घ्यायचे ते धातूचे.

व्हर्निअर कॅलिपरने रिंग ज्यावर बसते त्या नळीच्या तुकड्याचा बाहेरील व्यास मोजावा. रिंगेचा आतला व्यास त्याहून किंचित कमी, साधारण एक ते पाच टक्के कमी असावा, म्हणजे ती ताणून बसते आणि हातात नळी उलटी धरली तरी गळून पडत नाही. समजा मोजलेला व्यास ७.९ मि.मी. निघाला. इंची मापाच्या एएस ५६८ या मालिकेत ०११ क्रमांकाच्या रिंगेचा आतला व्यास ७.६५ मि.मी. आणि जाडी १.७८ मि.मी. असते. ती बसवल्यास सुमारे तीन टक्के ताण येतो, जमले.

जाडीचा प्रश्न वेगळा. जोड आवळल्यावर रिंग तिच्या जाडीच्या साधारण १५ ते २५ टक्के दबली पाहिजे. त्यासाठी समोरच्या भागाच्या पोकळीचा आतील व्यास मोजून त्यातून नळीचा बाहेरील व्यास वजा करावा आणि उत्तराचे अर्धे करावे. रिंगेला मिळणारी जागा ती हीच. ही जागा १.४ मि.मी. असेल तर १.७८ मि.मी. जाडीची रिंग सुमारे २१ टक्के दबेल, हे योग्य आहे. तेथे १.५ मि.मी. जाडीची रिंग सातच टक्के दबेल आणि गारठ्यात गॅस सोडेल. २.४ मि.मी. जाडीची रिंग बसवायचा हट्ट धरला तर ती कापली जाईल, तिचा तुकडा आत पडेल आणि कूलिंग कॉइलमध्ये गॅस सोडणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्राशी जाऊन बसेल.

इंची आणि मेट्रिक मापांचा घोळ आपल्याकडच्या गाड्यांत हमखास असतो, कारण भाग अमेरिकी घराण्याचेही असतात आणि जपानीही. वर सांगितलेली १.७८ मि.मी. जाडीची रिंग दुकानात 'एक सोळांश इंची' म्हणून ओळखली जाते, पण एक सोळांश इंच म्हणजे १.५९ मि.मी.! हे नाव नुसते नाव आहे, माप नव्हे, आणि त्या नावावर विसंबून मेट्रिक डब्यातून दीड मिलिमीटरची रिंग काढून देणारे दुकानदार मी पाहिलेले आहेत. अशा वेळी पुडी उघडून कॅलिपर लावण्याचा संकोच करू नये.

इंची नटांवरून निदान जोडाचा क्रमांक तरी ओळखता येतो : आट्यांचा बाहेरील व्यास पाच अष्टमांश इंच असेल तर सहा नंबर, तीन चतुर्थांश असेल तर आठ, सात अष्टमांश असेल तर दहा आणि एक पूर्णांक एक सोळांश असेल तर बारा. मात्र नंबरावरून रिंग थेट मागू नये. एकाच नंबराच्या साध्या आणि खाचेच्या जोडांची रिंग वेगळी असते, हे वर आलेच आहे.

प्रत्येक जोडाला नाव देऊन ही मापे वहीत लिहून ठेवावीत : कॉम्प्रेसर आत, कॉम्प्रेसर बाहेर, कंडेन्सर वर, कंडेन्सर खाली, ड्रायरचे दोन, एक्स्पान्शन व्हॉल्व्हचे, कूलिंग कॉइलचे.

शाफ्ट सीलबद्दल थोडेसे

कॉम्प्रेसरचा दांडा जेथे त्याच्या स्वतःच्या क्लचकडे (गिअरच्या नव्हे) बाहेर येतो तेथील सील हे फिरत्या भागाचे सील असल्यामुळे त्याचा न्याय निराळा आहे. जुन्या प्रकारात कार्बनची गुळगुळीत कडी घासत फिरते, नंतरच्या प्रकारात रबराची एक किंवा दोन ओठांची धार दांड्याला चिकटून राहते. क्लचच्या मागे चाकाप्रमाणे उडालेले तेलाचे शिंतोडे दिसले तर हे सील गेले असे समजावे. कॉम्प्रेसरच्या पाटीवरील मॉडेल क्रमांक दाखवूनच ते मागावे आणि गॅस बदलला असेल तर तसे सांगावे. ते बसवायला खास अवजारे लागतात. नवख्याने ते काम कॉम्प्रेसर दुरुस्त करणाऱ्याकडे सोपवावे.

खरेदी

पुण्यात नाना पेठेत किंवा कोणत्याही मोठ्या शहराच्या स्पेअर पार्टच्या बाजारात, एसीचे भाग विकणाऱ्या दुकानात जावे. नळकामाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी रिंग पाण्यासाठी असते. रबराचे नाव, आतला व्यास, जाडी आणि कडकपणा या चार गोष्टी सांगाव्यात. कडकपणा शोर ए मापात ७० हा या कामाला नेहमीचा आहे. शंभर-दोनशे रिंगांचा मिश्र डबा आकर्षक वाटतो, पण त्यात आपल्या कामाच्या चार निघतात आणि त्यांचे रबर कोणते ते डब्यावर अनेकदा नसतेच. उन्हात टांगलेल्या पुड्यांतील रिंगा घेऊ नयेत. रिंग बोटांत हलकेच ताणून पाहावी. पृष्ठभागावर बारीक चिरा उमटल्या तर ती दुकानात पडून म्हातारी झालेली आहे.

बसवताना

जुनी रिंग स्क्रू-ड्रायव्हरने उपटू नये, कारण अ‍ॅल्युमिनियमवर पडलेला केसाएवढा ओरखडाही गॅसला पुरतो. बांबूची किंवा प्लॅस्टिकची टोकदार काडी पुरेशी होते. जागा धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी. नव्या रिंगेला खनिज तेलाचा हात लावावा. आत पॅग तेल असले तरी रिंगेला मात्र खनिजच लावावे, कारण पॅग हवेतील ओलावा ओढून घेते आणि बाहेरच्या बाजूने आटे गंजवते. येथे खनिज तेलाचा एक थेंब चालतो. टेफ्लॉन टेप किंवा गॅस्केटची पेस्ट आट्यांना लावू नये. या जोडात गळती आटे रोखत नाहीत, रिंग रोखते.

नट आधी बोटांनी पूर्ण फिरवावा. नंतर दोन पाने घ्यावेत, एकाने समोरचा भाग धरून ठेवावा आणि दुसऱ्याने नट आवळावा, नाही तर मऊ नळी पिळली जाते आणि रिंगेच्या नादात कंडेन्सर जातो. जोड एकदा उघडला की आतली रिंग कितीही नवी दिसली तरी बदलावी. यंत्रणा उघडली आहे तर ड्रायरही नवा घालावा, आणि त्याची टोपणे अगदी शेवटच्या क्षणी काढावीत.

तपासणी

बहुतेक गॅरेजमध्ये व्हॅक्यूम पंप लावून अर्धा तास काटा स्थिर राहिला की काम पास झाले असे मानतात. ओलावा काढण्यासाठी व्हॅक्यूम हवाच, पण रिंगांच्या परीक्षेसाठी तो अपुरा आहे. व्हॅक्यूममध्ये बाहेरून आत येणारा दाब दर चौरस इंचाला फार तर पंधरा पौंडांचा असतो. उन्हाळ्यात एसी चालू असताना जास्त दाबाच्या बाजूला दोनशे-अडीचशे पौंड आतून बाहेर ढकलत असतात. म्हणून आधी कोरडा नायट्रोजन रेग्युलेटर लावून सुमारे दीडशे पौंडांपर्यंत भरावा आणि प्रत्येक जोडावर साबणाचे दाट पाणी ब्रशने लावावे. कॉम्प्रेस्ड हवा वापरू नये, तिच्यात ओलावा असतो; ऑक्सिजन तर मुळीच नको, तेलाशी गाठ पडून स्फोट होऊ शकतो. मोठी गळती लगेच फेसाळते. बारीक गळतीला वेळ द्यावा लागतो : माझ्या ड्रायरच्या जोडावर मोहरीएवढा एक बुडबुडा यायला चार मिनिटे लागली होती, आणि तेवढ्या वेळात मी तो जोड दोनदा पास केला होता.

नायट्रोजन सोडून, व्हॅक्यूम काढून, गॅस भरल्यानंतर आठ-दहा दिवसांनी प्रत्येक जोडावरून स्वच्छ पांढरे फडके फिरवावे. गॅसबरोबर तेल बाहेर येते आणि त्यावर धूळ बसते, त्यामुळे गळणारा जोड फडक्यावर काळा तेलकट डाग सोडतो. असा डाग आला तर नट आणखी आवळण्याच्या मोहात पडू नये. गॅस काढून घ्यावा, जोड उघडावा, वहीतील माप पुन्हा धातूवर ताडून पाहावे आणि नवी रिंग घालावी.